चोर डिझेल परत आणून ओततो का?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. विषय जाहीर झालाय तो ‘ताफ्याचा खर्च आणि ट्रॅकिंगचा डेटा’. त्याच्याकडे मी येणारच आहे. पण समोर बसलेत ते सगळे गाड्या सांभाळणारे लोक, त्यामुळे जीपीएस म्हणजे काय इथून सुरुवात करत नाही. आधी एक प्रसंग सांगतो. तो थोडा लांबेल.

त्याला एक पार्श्वभूमी आहे. २००० सालापर्यंत अमेरिका जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. जागा शंभरेक मीटरनी इकडेतिकडे दाखवली जायची. गाडी हमरस्त्यावर आहे की शेजारच्या पंपावर, हे सांगता यायचं नाही. १ मे २०००च्या रात्री ही भेसळ बंद झाली आणि फरक वीसेक मीटरवर आला. आपला ट्रॅकिंगचा धंदा खऱ्या अर्थाने फोफावला तो त्यानंतर. आता गाडीच्या जागेबद्दल पडदा इतका क्वचित चुकतो की त्याच पडद्यावरच्या डिझेलच्या आकड्यावरही आपण तितकाच विश्वास टाकतो. माझं सगळं म्हणणं या विश्वासाबद्दल आहे.

मी ताफा बघत होतो तेव्हा आम्ही टाक्यांमध्ये इंधनाचे सेन्सर बसवले. पहिल्याच महिन्यात एका गाडीचा अलर्ट आला. रात्री पावणेबारा, इंजिन बंद, आणि टाकीतलं डिझेल वीस लिटरने कमी. दोन दिवसांनी पुन्हा तेच, त्याच जागी. ड्रायव्हर जुने, वयाने मोठे, सगळे त्यांना काका म्हणत. मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, आलेखाचा कागद पुढे केला आणि त्यांच्या तोंडावर विचारलं, “डिझेल कुणाला विकलंत?”

काका काही बोलले नाहीत. त्यांनी कागद उचलला, चष्मा लावला आणि बोट आलेखावर पुढे सरकवत नेलं. रात्रीची घसरण, मग सपाट रेघ, आणि सकाळी सहाला रेघ पुन्हा वर. वीस लिटर. ते म्हणाले, “साहेब, चोर सकाळी डिझेल परत आणून ओततो का?”

(सभागृहात हशा.) हसा, पण आमच्या सॉफ्टवेअरने काय केलं होतं तेही ऐका. घसरण ‘चोरी’च्या यादीत टाकली होती आणि वाढ ‘भरणा’च्या यादीत. दोन याद्या, दोन वेगळी पानं. अलर्ट फक्त पहिल्या पानाचा यायचा. दुसरं पान मी उघडलंच नव्हतं. वीस लिटरचा भरणा आणि त्याचं बिल नाही, ही नोंद तिथे तशीच पडून होती.

काकांनी मला त्या जागेवर नेलं. गाडी उतारावर लागत होती, तोंड खाली करून. सेन्सर टाकीच्या मागच्या टोकाला. उतारावर डिझेल पुढे सरकलं, मागची पातळी उतरली आणि सेन्सरने ती इमानदारीने कळवली. सकाळी गाडी सपाट रस्त्याला लागली की डिझेल जागच्या जागी. टाकीतून थेंबही गेला नव्हता.

मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. पण बातमी त्याआधीच पोचली होती. पुढच्या आठवड्यापासून ताफ्यातल्या गाड्या नकाशावरून तासतासभर गायब व्हायला लागल्या. ड्रायव्हर अँटेनाला फॉईल गुंडाळत होते. दोन महिन्यांच्या डेटाची चाळण झाली. एका आलेखावरून एका माणसाला चोर म्हटलं त्याची ती किंमत होती, आणि ती कुठल्याही खर्चाच्या तक्त्यात दिसली नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

सेन्सर टाकीच्या मध्यावर असावा, लांब टाकीला दोन बसवून सरासरी घ्यावी. बसवताना टाकी रिकामी करून वीस-वीस लिटर ओतत प्रत्येक पातळीची नोंद करावी, कारण टाकीचा आकार वरपासून खालपर्यंत सारखा नसतो. शिवाय थंडीत डिझेल आकसतं. ३०० लिटर डिझेल १२ अंशांनी गार झालं की तीन लिटर कमी भरतं. खरी चोरी बहुधा अशी दिसते: काही मिनिटांत घसरण, आणि मग वाढ नाही. फरक ओळखायला आलेखाचा मागचापुढचा भाग बघावा लागतो, आणि ड्रायव्हरला विचारावं लागतं. विचारावं, जाब मागू नये.

दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे. तर आता जाहीर केलेला विषय, भराभर.

पहिलं काम, प्रत्येक गाडीचा किलोमीटरमागे खर्च वेगळा काढा. हप्ता, विमा, पगार हे गाडी उभी असली तरी चालू असतात. डिझेल, टायर, दुरुस्ती धावण्याबरोबर वाढतात. दोन्ही एकत्र केले की कमी धावणारी गाडी उगाच खादाड दिसते.

दुसरं, उभ्या गाडीचं चालू इंजिन. जड ट्रक तासाला दोन ते तीन लिटर जाळतो. समजा ५० गाड्या, रोज दीड तास, अडीच लिटरच्या हिशेबाने वर्षाच्या ३०० दिवसांत ५६,२५० लिटर. पण इथेही ड्रायव्हरला धरू नका. गोदामाच्या फाटकाभोवती नकाशावर कुंपण आखा आणि गाडी आत किती वेळ थांबते ते मोजा. कित्येकदा तो वेळ आपल्याच कागदपत्रांचा असतो. माल तयार नाही, सही करणारा जागेवर नाही, आणि रांग पुढे सरकत राहते म्हणून इंजिन चालू.

तिसरं, वेग. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून ९० केलं की रोध सव्वापटीहून जास्त. वेळापत्रक इतकं आवळून द्यायचं की ९० शिवाय गाडी पोचणारच नाही, आणि मग वेगाचा अलर्ट पाठवायचा, हा अन्याय आहे.

रिकामे किलोमीटर वेगळे मोजा. डिझेलच्या बिलावरची वेळ आणि त्या वेळी गाडी कुठे होती, हे जुळवून बघा, आणि बिलातले लिटर टाकीत मावतात का तेही. सर्व्हिसिंग किलोमीटरबरोबर इंजिनाच्या तासांवरही ठेवा. फार उभी राहणारी गाडी ओडोमीटरवर तरुण दिसते, तेल मात्र तिचं संपलेलं असतं. ड्युटी संपल्यावर माणसाचा माग काढू नका, आणि हे त्याला आधीच लिहून द्या.

नवी यंत्रणा असेल तर पहिला महिना कुणालाही शिक्षा नाही, नुसतं बघायचं. आणि उद्या ऑफिसात गेलात की ते दुसरं पान उघडा, बिलाशिवायच्या भरण्याचं. तिथे नोंद दिसली तर त्या रात्री गाडी कशी उभी होती ते ड्रायव्हरला फोन करून विचारा. टायरच्या हवेचं राहिलंच, ते प्रश्नोत्तरांत घेऊ.