त्या वेळी फोन कुठे होता?

नमस्कार नाशिककर मंडळी. मी इथल्या जिल्हा कोर्टात अपघाताच्या केसेस चालवतो आणि आज बोलायचंय ते गाडी चालवताना हातात असलेल्या फोनबद्दल. दंडाबद्दल नाही हो, दंड भरून लोक मोकळे होतात. अपघात झाल्यावर तोच फोन कोर्टात काय सांगतो, ते सांगायचंय.

मागे एक तरुण माझ्याकडे आला, पाथर्डी फाट्याकडून द्वारकेकडे येताना त्याच्या कारची एका सायकलवाल्या काकांना धडक बसली आणि काका गेले. मला म्हणाला, सर, फोन खिशात होता, मी बोलतच नव्हतो. मी विश्वास ठेवला. पुढे चार्जशीटची कॉपी हातात आली, त्याला मोबाईल कंपनीकडून मागवलेला सीडीआर, म्हणजे कॉल्सची नोंद, जोडलेला. लोकांनी पोलिसांना पहिला फोन केला 7 वाजून 42 मिनिटांनी, आणि ह्याने आईला लावलेला कॉल 7:40 ला सुरू, 96 सेकंद. त्या ओळीवर मी बोट ठेवलं, तो नुसता बघत बसला. मग हळूच म्हणाला, भाजी कुठली आणू एवढंच विचारत होतो.

सीडीआरमध्ये तुमचं बोलणं नसतं, पण कोणाला, कधी, किती सेकंद, कुठल्या टॉवरवरून हे सगळं असतं आणि अशा केसमध्ये वेळेलाच सगळी किंमत. व्हॉट्सअप कॉल त्यात येत नाही म्हणून काही जण निवांत असतात, पण पोलीस फोनच जप्त करून फॉरेन्सिकला पाठवू शकतात. आणि कृपा करून घाबरून कॉल लॉग डिलीट करत बसू नका, कंपनीकडचं रेकॉर्ड त्याने जात नाही, वर पुरावा नष्ट केल्याचा आरोप अंगावर येऊ शकतो तो वेगळाच.

आता कायदा. 2019 च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये, हातात फोन धरून गाडी चालवणं हे धोकादायक ड्रायव्हिंग म्हणून स्पष्ट लिहिलंय, पहिल्या वेळी 6 महिने ते 1 वर्ष कैद किंवा 1000 ते 5000 रुपये दंड किंवा दोन्ही. माणूस गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106, म्हणजे 5 वर्षांपर्यंत कैद. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ मध्ये 2 वर्षं होती, 1 जुलै 2024 पासून चित्र बदललं, तरी लोक अजून मला म्हणतात की वकीलसाहेब, जामीन तर होतो ना. होतो. पण केस आपसात मिटवता येत नाही, तारखा सुरू राहतात आणि लायसन्सवरही गदा येऊ शकते. हेही सांगतो की कॉल चालू होता एवढ्यावरून माणूस आपोआप दोषी ठरत नाही, निष्काळजीपणामुळेच धडक झाली हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं, पण अशी वेळ कागदावर आली की बचाव फार अवघड होतो.

दुसरी बाजू कोणी बोलत नाही. हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलत जाणारा स्वतः जखमी झाला, चूक समोरच्या ट्रकचीही असली, तरी भरपाईच्या क्लेममध्ये त्याच्याही चुकीचा वाटा धरला जाऊ शकतो. समजा भरपाई 10 लाख बसली आणि ट्रिब्युनलने, म्हणजे अपघाताच्या भरपाईचं बघणाऱ्या न्यायाधिकरणाने, त्याची चूक 30 टक्के धरली, तर हातात 7 लाखच. मी बघितलंय, अशा कापल्या गेलेल्या पैशांसाठी घरच्यांनी काय काय विकलं. आणि क्लेम 6 महिन्यांच्या आत टाकायचा असतो बरं का, दहावं-तेरावं आणि हॉस्पिटलच्या धावपळीत ती मुदतही निघून जाते.

अपघात झालाच, तर मात्र तोच फोन आधी 108 आणि 112 ला लावा. जखमीला उपचार मिळवून देणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे ड्रायव्हरचं काम आहे, जमाव अंगावर येण्याची भीती असेल तर बाजूला व्हा पण लगेच जवळचं पोलीस स्टेशन गाठा. आणि जे बघे व्हिडिओ काढत उभे असतात त्यांना सांगतो, मदत केलीत म्हणून तुमच्यावर केस होत नाही, कलम 134-अ तुमच्या बाजूने आहे, जखमीला दवाखान्यात पोचवून स्वतःचं नावही न सांगता तुम्ही घरी जाऊ शकता.