फॅशनच्या इतिहासातून इंग्रजीचा सराव

नमस्कार श्रोतेहो.

ऑफिसचा ई-मेल न अडखळता लिहिणारी कितीतरी मंडळी आयईएलटीएस किंवा केंब्रिजच्या इंग्रजी भाषेच्या परीक्षेला बसली, की वाचनाच्या पेपरात अडतात. शब्द बहुतेक ओळखीचे असतात. निसटतं ते वेगळंच: लेखक ठामपणे बोलतोय की जपून, आधी काय घडलं नि नंतर काय, श्रेय नेमकं कोणाला दिलंय. हे सगळं व्याकरणात दडलेलं असतं. त्याचा सराव करायला फॅशनच्या इतिहासावरचे लेख फार सोयीचे, कारण 'हे पहिल्यांदा कोणी केलं' यावरून तिथे सतत भांडण चालू असतं.

मिनीस्कर्टचंच घ्या. लंडनच्या किंग्ज रोडवर 1955 मध्ये बझार नावाचं दुकान काढणाऱ्या मेरी क्वांट यांना त्याचं श्रेय देतात, आणि पॅरिसच्या आंद्रे कुरेज यांनाही. म्हणून जबाबदार लेखक 'क्वांट इन्व्हेंटेड द मिनीस्कर्ट' असं लिहीत नाही. तो लिहितो, 'क्वांट इज ऑफन क्रेडिटेड विथ इन्व्हेंटिंग द मिनीस्कर्ट.' क्रेडिटेडनंतर विथ, आणि विथनंतर आयएनजीचं रूप. 'क्रेडिटेड टु इन्व्हेंट' लिहिलंत की गुण गेला.

असंच दुसरं वाक्य आपल्या मुंबईतल्या डोंगरीचं. तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडावरून इंग्रजीत डंगरी हा शब्द आला असं मानतात. इंग्रजीत ते असं होईल: 'द क्लॉथ इज बिलीव्हड टु हॅव बीन नेम्ड आफ्टर डोंगरी.' मानणं आजचं, म्हणून 'इज'. नाव पडणं जुनं, म्हणून 'टु हॅव बीन'. दोन काळ एका वाक्यात बसतात. असं वाक्य दिसलं की मोठ्याने वाचा आणि इज, हॅव, बीन यांवर बोट ठेवा.

आता आयईएलटीएसमधला सापळा. उताऱ्यात म्हटलंय की क्वांट यांनी आपल्या आवडत्या मिनी मोटारीवरून स्कर्टला नाव दिलं. खाली विधान आहे: पहिला मिनीस्कर्ट क्वांट यांनी शिवला. उत्तर ट्रू की फॉल्स? दोन्ही नाही, नॉट गिव्हन. उतारा नाव देण्याबद्दल बोलतो, शिवण्याबद्दल चकार शब्द नाही. घाईत आपण आपल्याकडची माहिती उताऱ्यात ओततो आणि इथेच फसतो. तीन उतारे, 40 प्रश्न, 60 मिनिटं. म्हणजे एका उताऱ्याला सुमारे 20 मिनिटं. घाई होणारच. म्हणून ज्या ओळीवरून उत्तर दिलं तिच्याखाली रेघ मारायची सवय घरीच लावून घ्या. रेघ मारायला ओळच सापडली नाही, तर नॉट गिव्हनचा विचार करा.

यापुढचा भाग मराठी माणसाने विशेष लक्ष देऊन ऐकावा. 'काल मी दादरला गेलो होतो' हे आपलं अगदी साधं वाक्य. ते जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की 'आय हॅड गॉन टु दादर यस्टरडे' होतं, आणि ते चुकतं. तिथे साधं 'आय वेंट' हवं. हॅड लागतो तो भूतकाळातल्या एका घटनेच्याही आधीचं काही सांगायचं असेल तेव्हा. फॅशन डिझायनर ख्रिस्तियन दिओर यांनी पॅरिसमध्ये न्यू लुक, म्हणजे घेरदार स्कर्टचे नव्या धाटणीचे कपडे, दाखवले 12 फेब्रुवारी 1947 रोजी. ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं जून 1941 मध्ये आणि चाललं 1949 पर्यंत. मग वाक्य होतं: 'बाय द टाइम दिओर शोड हिज कलेक्शन, क्लोद्ज हॅड बीन रॅशन्ड इन ब्रिटन फॉर मोर दॅन फाइव्ह यीअर्स.' इथे हॅड काढलात तर रेशनिंग आणि न्यू लुक यांचा क्रमच पुसला जातो. शिवाय घेरदार स्कर्टला लागणाऱ्या वारेमाप कापडावर लोक का चिडले, तेही कळत नाही.

सरावाची पद्धत सांगतो. सुमारे 300 शब्दांचा मजकूर घ्या. पहिलं वाचन दोन मिनिटांत, शब्दकोश बंद. दुसऱ्या वाचनात प्रत्येक सालाभोवती गोल करा आणि प्रत्येक मुख्य क्रियापदाखाली रेघ मारा. मग कोऱ्या कागदावर आडवी रेषा काढून घटना कालक्रमाने मांडा. मजकुरात नंतर आलेली घटना रेषेवर आधी जात असेल, तर तिथे बहुधा हॅड सापडेल. नाहीतर बिफोर, आफ्टर किंवा थेट साल. शेवटी मजकूर झाकून नुसत्या रेषेवरून पाच वाक्यं लिहा आणि मुळाशी ताडून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे. रोज नको, आठवड्यातून तीनदा पुरे.

मराठीमुळे होणारी आणखी एक गडबड. विल्यम पर्किन 18 वर्षांचा होता. 1856 मध्ये लंडनमध्ये तो क्विनाइन बनवायला गेला आणि हाती आला जांभळा रंग. 'क्विनाइन बनवताना जांभळा रंग मिळाला' हे मराठीत बिनचूक आहे. इंग्रजीत 'ट्राइंग टु मेक क्विनाइन, अ पर्पल डाय वॉज प्रोड्यूस्ड' म्हटलं, तर जणू रंगच क्विनाइन बनवत होता! स्वल्पविरामानंतर लगेच करणारा माणूस यायला हवा: 'ट्राइंग टु मेक क्विनाइन, पर्किन प्रोड्यूस्ड अ पर्पल डाय.'

आपल्या 'च'चं मात्र इंग्रजीत छान सोनं होतं. रिवेट, म्हणजे धातूच्या छोट्या खिळ्या, लावलेल्या पँटचं पेटंट 20 मे 1873 रोजी मिळालं, लेव्ही स्ट्रॉस कंपनी आणि जेकब डेव्हिस यांना. रिवेटची कल्पना डेव्हिसचीच, तो रीनो गावचा शिंपी. 'इट वॉज डेव्हिस हू केम अप विथ द आयडिया.' हा 'इट वॉज' म्हणजे आपला 'च'.

नॉट अन्टिलने सुरू होणाऱ्या वाक्याबद्दल थोडक्यात. छापील सुती कापडावर ब्रिटनमध्ये 1721 च्या कायद्याने निर्बंध आले, कायदा रद्द झाला 1774 मध्ये. 'नॉट अन्टिल 1774 वॉज द ॲक्ट रिपील्ड.' वॉज कर्त्याच्या आधी येतो. पण अन्टिलनंतर सालाऐवजी पूर्ण वाक्य आलं, तर ते सरळच ठेवायचं. उलटापालट फक्त मुख्य वाक्यात. बरेच जण नेमकं पहिलं वाक्य उलटं करतात.

शब्दसंग्रहासाठी याद्या पाठ करू नका. दादरच्या मॅचिंग सेंटरमध्ये आपण 'याला मॅचिंग दाखवा' म्हणतो. इंग्रजीत मॅचिंग एकटं उभं राहत नाही, 'अ मॅचिंग ब्लाउज' म्हणावं लागतं. माप बरोबर असेल तर कपडा 'फिट्स यू', अंगावर खुलत असेल तर 'सूट्स यू', साडीशी रंग जुळला तर ब्लाउज 'मॅचेस द सारी'. रंगाला फिट्स लावू नका.

शिंप्याकडची चार क्रियापदं तर उच्च पातळीच्या परीक्षेसाठी हातखंडा आहेत. कमरेत घट्ट करणं म्हणजे टेक इन, शिलाई उसवून सैल करणं लेट आउट, उंची कमी करणं टेक अप, दुमड सोडून उंची वाढवणं लेट डाउन. चारही शब्दांना दुसरे अर्थ आहेत: टेक इन म्हणजे फसवणं, लेट डाउन म्हणजे ऐन वेळी निराश करणं. वहीत दोन्ही अर्थांची पूर्ण वाक्यं लिहा, सुटा शब्द नको. फॅशनबरोबरही अख्खे तुकडे टिपा: कम बॅक इन्टु फॅशन, फॉल आउट ऑफ फॅशन. एका मजकुरातून सहाच तुकडे घ्या. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने वही झाकून ते पुन्हा लिहून पाहा.

घरी कंटाळा आला तर भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा. संग्रहालयातल्या वस्तूंखालची इंग्रजी माहिती त्रोटक असते. बहुतेकदा हू, विच आणि वॉज गाळलेले असतात. समजा तिथे 'सिल्क सारी वोव्हन इन पैठण' असं काही लिहिलेलं असेल, तर ते 'अ सिल्क सारी विच वॉज वोव्हन इन पैठण' असं पूर्ण करा. पाच पाट्या उतरवून आणा, गाळलेले शब्द घरी भरा, मग दुसऱ्या दिवशी तेच शब्द पुन्हा गाळून मूळ पाटी जमते का पाहा. आर्टिकल मात्र जपून भरा. पाटीवर बऱ्याचदा अ आणि द दोन्ही नसतात, आणि पूर्ण वाक्य लिहिताना आपण नेमके तेच विसरतो.

नमस्कार.