मोहल्ल्यातला सुपरहीरो

(इंदूरमध्ये मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

सुपरहीरो म्हटलं की हल्ली डोळ्यांपुढे काय येतं? आकाशात पडलेलं भगदाड, त्यातून उतरणारी परग्रहावरची फौज आणि पत्त्यांसारख्या कोसळणाऱ्या इमारती. म्हणून मी मुद्दाम जून 1938पासून सुरुवात करतो. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला, तेव्हा त्याला उडताही येत नव्हतं, लांबलांब उड्या मारायचा. त्या अंकात तो करतो काय? विजेच्या खुर्चीत मरायला निघालेल्या एका निरपराध बाईला वाचवतो. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला वठणीवर आणतो. वॉशिंग्टनला जाऊन एका सिनेटरचं आणि दलालाचं साटंलोटं शोधून काढतो. सगळ्या रोजच्या पेपरातल्या बातम्या! त्याला जन्म देणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर ही क्लीव्हलंडमधल्या स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली, मंदीच्या काळात वाढलेली पोरं. आजूबाजूला जे खुपत होतं, तेच त्यांनी कागदावर काढलं. त्या पात्राचे हक्क 130 डॉलरना गेले, ही माझा जीव जाळणारी गोष्ट आहे. तिच्यासाठी वेगळी संध्याकाळ लागेल.

मला आज एवढंच सांगायचं आहे की सुपरहीरोला मोहल्ला लागतो. तो कोणासाठी धावतोय, त्या माणसांचे चेहरे आपल्या ओळखीचे असले, तरच त्याच्या ताकदीला किंमत येते.

स्पायडरमॅनचंच बघा. 1962 साली लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी त्याला आणलं. मुखवट्यामागचा पोरगा म्हणजे पीटर पार्कर: न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात फॉरेस्ट हिल्समधलं साधं घर, बेनकाका गेलेले, मेकाकू आजारी, घरात पैशांची ओढाताण. ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’ या मालिकेचा 33वा अंक, 1966 सालचा, ज्यांनी वाचला नसेल त्यांनी कुठूनही मिळवून वाचावा. पीटरने पूर्वी काकूला रक्त दिलेलं असतं. त्यातल्या किरणोत्सारानेच ती आता मरणाच्या दारात आहे. तिला वाचवणारं औषध समोर पडलंय, पण हाताच्या टप्प्याबाहेर, कारण पीटरच्या अंगावर अवजड यंत्राचा ढिगारा कोसळलाय. जागा पाण्याखाली आहे आणि छतातून पाणी आत येतंय.

पुढच्या पानांवर डिटकोने काय केलंय, ते मी आजवर शेकडो वेळा पाहिलं असेल. आधी चौकटी लहान, अरुंद, पीटर त्यांत अक्षरशः चेपलेला. तो एकदा प्रयत्न करतो, जमत नाही. काका आठवतात, काकू आठवते. पुन्हा जोर लावतो. चौकटी हळूहळू मोठ्या होत जातात, यंत्र तसूतसूने वर सरकतं, आणि मग पान उलटलं की अख्ख्या पानभर एकच चित्र: ढिगारा दोन्ही हातांवर पेलून उभा राहिलेला तो पोरगा. ते पान आपण आपल्या हाताने उलटतो. किती वेळ थांबायचं, श्वास कधी सोडायचा, हे वाचणाऱ्याच्या हातात असतं. सिनेमाला हे साधत नाही, आणि तो त्याचा दोष नाही. ते माध्यमच वेगळं आहे.

मात्र 2017च्या ‘स्पायडरमॅन: होमकमिंग’ सिनेमामध्ये हाच प्रसंग घेतला, तेव्हा एक गोष्ट गळाली, आणि ती गाळायला नको होती. पीटर झालेल्या टॉम हॉलंडने काम सुरेख केलंय. ढिगाऱ्याखाली घाबरून मदतीसाठी ओरडणारं ते मूल बघताना घसा दाटून येतो. पण पलीकडे औषध नाही, वाट बघणारी काकू नाही. आपण त्या पोशाखाच्या लायकीचे आहोत, हे त्याला स्वतःला पटवायचं आहे. प्रसंग तोच, पण कोणासाठी उठायचं ते बदललं, आणि माझ्या मते त्याची उंची तिथेच कमी झाली. सॅम रेमीच्या 2004च्या ‘स्पायडरमॅन 2’ सिनेमात उलट झालंय. तिथे भरधाव आगगाडी थांबवून तो बेशुद्ध पडतो. मग डब्यातली माणसं त्याला डोक्यावरून हातोहात आत घेतात. मुखवटा निघालेला असतो. हा तर पोरगाच आहे, असं एकाच्या तोंडून निघतं. तो मोहल्ला आहे.

कोणी म्हणेल, मग मोठ्या कथा लिहूच नयेत का? जरूर लिहाव्यात. 1966मध्येच स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी ‘फँटॅस्टिक फोर’ या चौघा सुपरहीरोंच्या कॉमिकमध्ये ग्रह गिळणारा गॅलॅक्टस आणला. यापेक्षा मोठं संकट कोणतं? पण त्याचा दूत सिल्व्हर सर्फर माणसांच्या बाजूने वळतो तो एका घरात, अ‍ॅलिशिया नावाच्या अंध शिल्पकार मुलीशी बोलून. आणि शेवटच्या अंकात गॅलॅक्टस अर्ध्यावरच निघून जातो. उरलेल्या पानांत त्या चौघांतला जॉनी स्टॉर्म कॉलेजात दाखल होतो! कर्बी न्यूयॉर्कच्या गरीब, गजबजलेल्या लोअर ईस्ट साइडमध्ये वाढलेला. जग बुडता बुडता वाचलं तरी दुसऱ्या दिवशी कॉलेज असतंच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ‘इन्फिनिटी वॉर’ सिनेमामध्येही अर्धं विश्व संपतं, पण थिएटरात आपण हललो ते टोनीला, म्हणजे आयर्नमॅनला, बिलगून विरून जाणाऱ्या एका पीटरमुळे.

आपल्याकडे 1964मध्ये इंद्रजाल कॉमिक्स निघालं आणि ली फॉकचा वेताळ, म्हणजे मूळचा ‘फँटम’, मराठीतही आला. तोही जंगलातल्या माणसांचा वेताळ. त्या जंगलाबाहेर त्याची कल्पनाच करवत नाही. आमच्या पिढीचा इंदुरी मुलगा मात्र हिंदीतल्या राज कॉमिक्सवर वाढला. अनुपम सिन्हा यांचा सुपर कमांडो ध्रुव 1987चा. सर्कशीत वाढलेला, अंगात कुठलीही अद्भुत शक्ती नसलेला, डोकं चालवून राजनगर हे आपलं शहर सांभाळणारा. त्याच्या घरी त्याच्यावर जीव टाकणारी बहीण श्वेता आहे. खजुरी बाजारात शाळेच्या पुस्तकांबरोबर हे हिंदी अंक हाताला लागायचे आणि घरी येऊन आम्ही त्यांच्यावर मराठीत भांडायचो.

म्हणूनच 2018चा ‘इन्टू द स्पायडर-व्हर्स’ मला अलीकडच्या सगळ्या सुपरहीरोपटांत सर्वांत जवळचा वाटतो. त्यातला स्पायडरमॅन, माइल्स मोरालेस, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा, आई नर्स, वडील पोलिसात. घरात आईशी बोलताना सहज स्पॅनिश येतं, शाळेत इंग्रजी, आणि त्या स्पॅनिश वाक्यांखाली भाषांतर देत बसायची गरज सिनेमाला वाटत नाही. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. चित्रांतही छापील कॉमिक्सचे ठिपके आहेत, चौकटी आहेत. कागदाचा असा मान ठेवणारा दुसरा सिनेमा मला माहीत नाही.

आज इथे चित्र काढणारी बरीच मुलं आली आहेत, त्यांच्याकडे माझी मागणी आहे. तुमचा नायक इंदूरचा करा. त्याची आई एमवाय हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करू दे, आजी त्याला मराठीतून रागावू दे, शेजारचे त्याला इंदुरी थाटात ‘भिया’, म्हणजे भैया, म्हणू देत. पहिल्याच अंकात त्याने विश्व वाचवायला जाऊ नये. कान्ह नदीकाठच्या वस्तीत पावसाचं पाणी शिरलंय, आणि तिथल्या एकेका माणसाला त्याने नावाने हाक मारून बाहेर काढावं. आठ पानांत हे बसतं. काढा, आणि मला वाचायला द्या.