रतीचा कंबरपट्टा

(नौपाड्यातील एका वाचकमंडळात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन. श्रोते सर्व प्रौढ.)

नमस्कार. दाराशी उभे आहेत त्यांनी पुढे या. पहिल्या रांगेत बसलात म्हणून तुम्ही या विषयातले अनुभवी आहात, असा अर्थ कोणी काढणार नाही. पत्रिकेवर मंडळाने ‘शृंगारकथेतील एक प्रवाह’ असं मोघम छापलंय. मी सरळ सांगते. दोन माणसांपैकी एक दुसऱ्याला, त्याच्या राजीखुशीने, बांधतं आणि त्यातून कामसुख फुलतं, अशा लघुकथांबद्दल मी बोलणार आहे. बॉन्डेजच्या कथा. बघा, शब्द उच्चारला आणि पंखा बंद पडला नाही.

हे परदेशी खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी मी कालिदासाला बरोबर आणलंय. कुमारसंभवाचा चौथा सर्ग. शंकराने मदनाची राख केलीय आणि रती विलाप करतेय. वर्गात आम्ही इथे करुणरस दाखवायचो आणि घाईने पुढे सरकायचो. पण आठव्या श्लोकात ती काय म्हणते? ‘स्मरसि स्मर मेखलागुणैरुत गोत्रस्खलितेषु बन्धनम्’. तुझ्या तोंडून चुकून दुसरीचं नाव गेलं की मी तुला कंबरपट्ट्याच्या दोऱ्यांनी बांधायचे, आठवतंय का रे? नवरा जळून गेलाय आणि बाईला हे आठवतंय! शिवाय कानावरच्या कमळाने मारायचे, तेही पुढच्याच ओळीत आहे. आता मला सांगा, ज्याच्या बाणापुढे शंकराची समाधी टिकली नाही, त्याला कंबरपट्ट्याची दोरी तोडता आली नसती? त्याने तोडली नाही. माझं आजचं सगळं म्हणणं या न तोडण्याबद्दल आहे. जयदेवाचा कृष्णही राधेला म्हणतो, खरंच रागावली असशील तर बाहूंनी बांध, दातांनी चाव. शिक्षा मागून घेतोय. बाराव्या शतकातलं ‘गीतगोविंद’ हे. देवळात गातात.

मग मराठीत काय झालं? इथे मला माझी जुनी तक्रार सांगितल्याशिवाय राहवत नाही, आयोजकांनी घड्याळाकडे बघू नये.

लग्न होऊन मी ठाण्यात आले तेव्हा गल्लोगल्ली सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या होत्या. आमच्या जवळच्या लायब्ररीत ‘तसली’ मासिकं काउंटरखाली असायची आणि वर्तमानपत्रात गुंडाळून मिळायची, तीसुद्धा फक्त पुरुषांना. मी ह्यांच्या कार्डावर घ्यायचे. मालक विचारायचे, “वहिनी, साहेबांसाठी ना?” मी म्हणायचे, “तर काय!” आमचे साहेब बाजारभावाच्या पानापलीकडे काही वाचत नसत. तर एका अंकात एक कथा होती. पाऊस, जुना वाडा, लग्नाला बरीच वर्षं झालेलं जोडपं. ती त्याला विचारते, खरंच चालेल? तो म्हणतो, चालेल, पण थांब म्हटलं की थांबायचं. ती कपाटातून जुनं लुगडं काढते, म्हणते, हात मागे घे. पान उलटलं, तर पानच नाही! कोणीतरी सुबकपणे, पट्टी लावून फाडलेलं. एक नव्हे, लागोपाठची. त्यानंतर एकदम सकाळ. ती चहा गाळतेय आणि तो मनगट चोळत खिडकीशी बसलाय. ती मनगटाला तेल लावून देते. संपली कथा.

अंक परत केला तर मालकांनी पानं मोजली. मोजायचेच ते. म्हणाले, “वहिनी, साहेबांनी फाडलेली दिसतात,” आणि डिपॉझिटमधून पैसे कापले. आता भांडायचं कसं? आधीच फाटलेली होती म्हणावं, तर मी वाचलं हे कबूल करावं लागतं. गप्प बसावं, तर बिचाऱ्या नवऱ्याचं चारित्र्य गेलं. मी नवऱ्याचं चारित्र्य जाऊ दिलं. (हशा) नंतर कितीतरी दिवस मालक ह्यांच्याकडे बघून सूचक हसायचे आणि हे घरी येऊन विचारायचे, हा माणूस मला बघून हसतो का?

हसा, पण त्या चोराने माझं भलं केलं. दोरी तो घेऊन गेला. माझ्याकडे उरलं ते आधीचं बोलणं आणि नंतरचं तेल. कथा त्यातच होती. तशी कथा मला मराठीत पुन्हा भेटली नाही. बाकीच्यांत बांधणारा नेहमी खलनायक. पळवून आणलेली नायिका, गोदाम, खांब, दोरखंड, आणि वेळेवर येणारा नायक. हिंदी सिनेमाने आपल्या दोन पिढ्यांना बांधणं म्हणजे अपहरण हेच शिकवलं. ज्यात होकार नाही तो अत्याचार, मग त्याला शृंगाराच्या सदरात का छापता?

लेखकांना सगळा दोष देत नाही. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या ‘श्यामा’ या कथेवरून लेखक चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली सोडलं. दिवाळी अंकातल्या मजकुरासाठी सात वर्षं! त्यात बांधाबांधी सोडाच, नेहमीचा शृंगार होता. त्याआधी र. धों. कर्व्यांना त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी कोर्टात उभं राहावं लागलं, तेव्हा त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली होती. दंडविधानातल्या अश्लीलतेच्या कलम २९२ चं आता भारतीय न्यायसंहितेत २९४ झालंय, भीती तीच आहे. मग मराठी लेखक जपून लिहिणार नाही तर काय?

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. खाली योगवर्गाची मंडळी सतरंज्या घेऊन उभी आहेत म्हणे. प्रकार सांगायचं कबूल केलं होतं, ते भराभर सांगते.

एक, कराराची कथा. झाखर-माझोख या ऑस्ट्रियन लेखकाने १८७० मध्ये नायकाला स्त्रीचा गुलाम म्हणून सही करायला लावली. आदल्याच वर्षी त्याने स्वतः असा करार केलेला होता. वाचताना मजा अशी येते की अटी सगळ्या गुलामच घालतो. बांधलेला माणूस गोष्ट चालवतो, तो हा असा. दुसरी, पैशासाठी लिहिलेली. १९४० च्या दशकात अनाइस निन ही लेखिका पानामागे एक डॉलर घेऊन एका गिऱ्हाइकासाठी शृंगारकथा लिहायची. त्याचा निरोप यायचा, काव्य गाळा. तिला त्याचा संताप यायचा. बरोबरच आहे. काव्य गाळलं तर उरतो गाठींचा हिशेब, आणि आजच्या निम्म्या कथा तेवढ्याच असतात. जपानी कथांत दोरीलाच मान, कारण तिथे कैदी बांधण्याची पोलिसी विद्या होती, तिचे शृंगारातले वंशज विसाव्या शतकात मासिकांतून वाढले. पुरुष-पुरुष, स्त्री-स्त्री कथांचा मोठा साठा आहे. आपल्याकडे समलैंगिक संबंधांना गुन्हा मानणाऱ्या कलम ३७७ वरच्या २०१८ च्या निकालानंतर त्या थोड्या मोकळेपणी लिहिल्या जातात. आणि विनोदी कथा! किल्ली हरवलेल्या बेड्या आणि दारात सासूबाई. हा प्रकार मराठीत हमखास चालेल, कोणीतरी लिहाच.

लघुकथाच का? एक संध्याकाळ, एक खोली, दोघं जण, आणि सुटका ठरलेली. कादंबरीत तोच ताण चारशे पानं ओढला की लेखक कंटाळून नायकाला अब्जाधीश करतो.

ओढ कसली? वेदनेची असेलच असं नाही. दिवसभर घर, ऑफिस, कर्जाचे हप्ते, सगळं ठरवून थकलेल्या माणसाला तासभर काहीच ठरवायचं नसतं, आणि समोरचा आपल्याकडेच लक्ष देऊन बसलेला असतो. क्वेबेकमध्ये २०१५ साली दीड हजार प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. बांधलं जाण्याची कल्पना निम्म्याच्या आसपास लोकांच्या मनात येऊन गेलेली, बायकांच्या आणि पुरुषांच्याही. पण वश होण्याच्या कल्पना रंगवणाऱ्या कित्येक बायकांना त्या प्रत्यक्षात यायला नको होत्या. म्हणून तर कथा लागते.

शेवटचं, सावधगिरीचं. वात्स्यायनाने प्रहारांचे प्रकार सांगितले आणि लगेच सांगितलं की कुंतल देशाच्या शातकर्णी सातवाहनाच्या हातून रतिक्रीडेत राणी मलयवती गेली. सातवाहन, म्हणजे आपलंच घराणं. आता कथेत ‘थांब म्हटलं की थांबायचं’ हे वाक्य नसेल, तर ती मी खाली ठेवते. काहींना त्याने रंगाचा भंग होतो असं वाटतं. मला उलट वाटतं. ते वाक्य आलं की...

हो, हो, आलं लक्षात, उठते. प्रश्न चहाला विचारा, आणि ज्यांना श्लोक उतरवून हवेत त्यांनी माझ्याकडून वही घ्या.