काट्यापुढची रांग

[पहाट. डांबरी रस्ता, ट्रॅक्टरचे दिवे]

नोव्हेंबर. अजून उजाडायचंय, पण जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, फाटकापासून फाट्यावरच्या पानठेल्यापर्यंत ट्रॅक्टर लागलेत. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट, कापसाच्या कुठल्याही बाजाराला दिवाळीनंतर हेच चित्र. शहरातला जाम ऑफिस सुटलं की होतो, इथला कापूस फुटला की.

[भरलेली ट्रॉली, मागून]

कापूस वजनाला हलका आणि जागेला भारी. म्हणून चारी बाजूंनी बल्ल्या उभ्या करून वरून जाळी ताणायची आणि पायांनी तुडवत भरायचं. सहा-सात फूट रुंदीची ट्रॉली अशी फुगून नऊ फुटांवर जाते. रस्ता साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. त्यातले नऊ रांगेने घेतले. उरलेल्या नऊ फुटांतून साडेआठ फूट रुंदीची एसटी काढायची. समोरून रिकामी ट्रॉली आली की दोन्ही बाजू ठप्प.

ती समोरून येतेच, कारण आत जायचं आणि बाहेर पडायचं फाटक एकच.

[वजनकाटा, आकडे जवळून]

रांग तुंबते ती इथे. प्रत्येक गाडी काट्यावर दोनदा चढते. आधी भरलेली, मग गंजीवर कापूस खाली करून रिकामी. दोन वजनांतली वजाबाकी म्हणजे कास्तकाराचा माल. एका वजनाला तीन मिनिटं धरली तरी एका गाडीला सहा लागतात. तासाला दहा गाड्या. बाहेर ऐंशी उभ्या असतील तर शेवटच्याचा नंबर आठ तासांनी, तोही काटा एकदाही न अडता. काटा मात्र अडतोच. वीज जाते, प्रिंटरचा कागद संपतो, कोणाचा सातबारा घरी राहिलेला असतो.

[ओलावा मीटर, हात कापसात]

मीटरची टोकदार सळई ट्रॉलीत खोल खुपसून ओलावा बघतात. वरचा कापूस उन्हाने वाळलेला असतो, खरा आकडा आतला. हमीभावाच्या खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे दर टक्क्याला भावात एक टक्का कपात, 12 च्या वर माल परत. 2025-26 ला लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये क्विंटल. म्हणजे एका टक्क्याला क्विंटलमागे 81 रुपये. वीस क्विंटलच्या ट्रॉलीवर सोळाशे रुपये. घरून कोरडा निघालेला कापूस रात्रभर रस्त्यावर दव पितो. ताडपत्री गच्च बांधली तर आतून घाम सुटतो. बाजूने फट ठेवून बांधावी, हे जुने ड्रायव्हर बरोबर जाणतात.

हमीभावासाठी आता मोबाइलवरून तारीख घेता येते. पण खाजगी खरेदीच्या गाड्या तारखेशिवाय त्याच फाटकात, त्याच काट्यावर.

[सायलेन्सर, रस्त्याकडेची चूल]

सुट्या कापसाला ठिणगी पुरते. रांगेत बिडी नको, चूल नको. अग्निशमनची गाडी आलीच, तर ती शिरणार कुठून?

[एसटी, दप्तरं, दवाखान्याचा रिक्षा]

शाळा बुडते, दवाखाना लांबतो.

[ड्रोन, जिनाची मागची बाजू]

मागे गावरस्त्याला लागून दुसरं फाटक आहे. कुलूपबंद. रिकाम्या गाड्यांना तिकडे एक छोटा काटा लावून तिथूनच बाहेर काढलं, तर पुढच्या काट्याचं काम निम्म्यावर येतं आणि समोरून येणारी ट्रॉली रस्त्यावर उरत नाही. गाड्या आतल्या पडीत उभ्या करायला जागाही आहे. खर्च एका काट्याचा आणि थोड्या मुरमाचा.