चार वर्षं आणि साडेसात तास

(दृश्य: दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सैनिक, कृष्णधवल चित्रफीत)

१९४२. अमेरिका महायुद्धात उतरली आहे. शाळा अर्धवट सोडून पोरं सैन्यात भरती होतायत. उद्या ही पोरं लढाईवरून परत आली, की त्यांना पुन्हा सोळा वर्षांच्या मुलांशेजारी बाकावर बसवायचं कसं? त्यावर तोडगा म्हणून लष्करानं शिक्षणतज्ज्ञांकडून एक परीक्षा तयार करून घेतली. तीच ही जीईडी: पास झालं, की शाळा पूर्ण केल्याच्या बरोबरीचं प्रमाणपत्र. १९४७ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं ती सामान्य नागरिकांनाही खुली केली आणि पुढे ती देशभर पसरली.

आज ती संगणकावर होते. गणित, भाषा, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं असे चार पेपर. प्रत्येकात किमान १४५ गुण लागतात. चारही पेपरांचा वेळ मिळून साधारण साडेसात तास.

(दृश्य: शाळेचा कॉरिडॉर, लॉकर, तासाची घंटा)

हायस्कूल डिप्लोमाचा, म्हणजे शाळेत बसून मिळवलेल्या शालान्त प्रमाणपत्राचा मामला वेगळा. नववी ते बारावी, चार वर्षं. विषयागणिक क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर खात्यात जमा होणारे एकक) जमवायचे, गृहपाठ द्यायचा, न आवडणाऱ्या शिक्षकांचेही तास करायचे. आपल्या दहावी-बारावीसारखी बोर्डाची एकच मोठी परीक्षा तिथल्या बहुतेक राज्यांत नसते. आपल्याकडे १७ नंबरचा फॉर्म भरणारा मुलगा निदान बाकीच्यांचाच पेपर सोडवतो. तिथे डिप्लोमावाल्यानं जीईडीचा पेपर कधी पाहिलेलाही नसतो. अपवाद एकच. पासिंगचे गुण ठरवताना ही परीक्षा बारावीतल्या निवडक मुलांना देऊन बघतात. त्यातली काही चक्क नापास होतात, पण डिप्लोमा मात्र घेऊन जातात!

म्हणजे जीईडीवाला हुशारीत कमी नाही. मग घोडं अडतं कुठे?

१९९३ मध्ये अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि स्टीफन कॅमेरॉन यांनी नेमकं हेच तपासलं. पुढे हेकमन यांना नोबेलही मिळालं. त्यांना दिसलं ते असं, की बुद्धीच्या चाचण्यांत जीईडीवाले डिप्लोमावाल्यांच्या जवळपास असतात, पण कमाईत शाळा सोडून दिलेल्यांच्याच रांगेत. हेकमन यांचं म्हणणं, परीक्षेला चिकाटी मोजता येत नाही. रोज वेळेवर हजर राहणं, कंटाळवाणं काम तडीस नेणं, साहेबाशी जमवून घेणं, हे साडेसात तासांत कुठून दिसणार?

(दृश्य: पदवीदानाचा झगा घातलेले विद्यार्थी)

योगायोगानं १९९३ मध्येच फ्लोरिडातल्या कोकोनट क्रीक हायस्कूलमधून एका साठीच्या गृहस्थांनी जीईडी मिळवली. वेंडीज या बर्गर साखळीचे संस्थापक डेव्ह थॉमस. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेला हा माणूस कोट्यधीश झाला होता. त्यांना धास्ती होती, की आपलं बघून पोरं शाळा सोडतील. वर्गातल्या मुलांनी मतदान करून त्यांनाच ‘आयुष्यात सर्वात यशस्वी होईल असा विद्यार्थी’ ठरवलं. मिश्किल पोरं!

थॉमस यांची धास्ती खोटी नव्हती. सोपा रस्ता समोर दिसला, की सतराव्या वर्षी त्याचा मोह होतोच. शाळेत टिकू शकणाऱ्या मुलाला ‘राहू दे, जीईडी दे’ असं सांगणं म्हणजे आमच्या मते त्याचं नुकसान करणं.

पण तिशीतल्या, दोन मुलं सांभाळून हॉटेलात काम करणाऱ्या बाईपुढे चार वर्षं शाळेत बसून डिप्लोमा घेणं हा पर्याय उरलेलाच नसतो. तिच्यासाठी जीईडी हाच जवळचा रस्ता. ती मिळाली, की कम्युनिटी कॉलेजचं (दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणाऱ्या स्थानिक कॉलेजचं) दार उघडतं आणि केंद्र सरकारच्या शिक्षण-मदतीसाठी अर्जही करता येतो. केंद्रीय तुरुंगांत तर ज्याच्याकडे दोन्हीपैकी काहीच नाही, त्या कैद्याला किमान २४० तास किंवा जीईडी मिळेपर्यंत वर्गात बसावं लागतं.

(दृश्य: सैन्यभरतीचं कार्यालय, टेबलावर अर्ज)

आणि ज्या लष्करानं ही परीक्षा जन्माला घातली, त्याचं काय? भरतीत डिप्लोमावाला पहिल्या श्रेणीत आणि जीईडीवाला दुसऱ्या. त्याला प्रवेश-चाचणीतही जास्त गुण आणावे लागतात. कारण लष्कराचा अनुभव सांगतो, की करार अर्धवट टाकून जाणाऱ्यांत जीईडीवाल्यांचं प्रमाण अधिक. मात्र त्याच जीईडीवाल्यानं कॉलेजचे १५ क्रेडिट पूर्ण केले, की त्याला पहिल्या श्रेणीत धरतात. १५ क्रेडिट म्हणजे साधारण एका सत्राचे तास, हजेरीसकट.