केमोच्या २१ दिवसांत कॉलेजचं टाइमटेबल कसं बसवलं

नमस्कार. आज आवाज थोडा बसलेला वाटेल, परवाच केमो झालीय. पण आजचा दिवस बोलायला बरा आहे, म्हणून आजच रेकॉर्ड करतेय.

मी मुंबईतल्या एका डिग्री कॉलेजात बॉटनी शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढी लेक्चर आणि प्रॅक्टिकल घेऊ तेवढंच मानधन. आजारपणाची रजा आमच्या ऑर्डरमध्ये नसते. मला स्तनाचा कर्करोग निघाला तेव्हा डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "मी बरी होईन ना?" आणि दुसरा विचारला, "मला शिकवता येईल का?" डॉक्टर म्हणाले, "रोज नाही येणार. पण कुठल्या दिवशी येईल आणि कुठल्या दिवशी नाही, ते बऱ्यापैकी आधी सांगता येतं."

माझे गेले पाच महिने या वाक्यावर निघालेत. नोकरी सांभाळून उपचार घेणारे किंवा घरच्या कुणाला घेऊन हॉस्पिटलच्या फेऱ्या मारणारे तुमच्यात बरेच असणार. त्यांना हे वाक्य नीट उलगडून सांगायचंय. मी सांगते ते माझ्या औषधांचं आहे. तुमची औषधं वेगळी असतील तर दिवसही वेगळे असतील. ते तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि लिहून घ्या.

आधी हे बघा.

[टेबलावरचा ग्लास कॅमेऱ्याजवळ: पाण्यावर टेकवलेला कांदा, खाली पांढरी मुळं]

एफवायच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, मुलांना सूत्री विभाजन, म्हणजे मायटोसिस, शिकवायचं तर कांदा असा पाण्यावर ठेवायचा. दोन-तीन दिवसांत मुळं फुटतात. त्यांचं टोक कापून, रंगवून मायक्रोस्कोपखाली बघितलं की पेशी दुभंगताना दिसतात. टोकच का? कारण वाढ तिथे असते. मुळाच्या वरच्या भागात विभाजन शोधून सापडत नाही.

माणसाच्या शरीरातही झपाट्याने दुभंगणाऱ्या काही जागा असतात. केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, हाडांमधला मगज जिथे रक्त तयार होतं. कर्करोगाच्या पेशीही दुभंगत राहतात. मला दिलेली केमो दुभंगणाऱ्या पेशींना गाठते आणि त्यात आपल्या चांगल्या पेशीही सापडतात. केस जातात, तोंड येतं, पोट बिघडतं आणि पांढऱ्या पेशी घटतात, ते यामुळे. फरक एवढाच, की चांगल्या पेशी काही दिवसांत पुन्हा भरून येतात. त्या भरून याव्यात म्हणून दोन केमोंमध्ये अंतर ठेवतात. माझ्या पहिल्या चार केमोंमध्ये ते २१ दिवसांचं होतं.

आता ते २१ दिवस.

पहिला दिवस केमोचा. त्याआधी रक्ततपासणी. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, पुरेसे नसतील तर केमो पुढे ढकलतात. माझी एकदा आठवडाभर पुढे गेली होती. पहिल्या टप्प्यात डॉक्सोरुबिसिन होतं, डे केअरमध्ये सगळे त्याला 'लाल औषध' म्हणतात. रंग खरोखर रूह अफ्जासारखा. सिस्टर शेजारी बसून सिरिंजने हळूहळू सोडतात. हे औषध शिरेबाहेर झिरपलं तर तिथली कातडी आणि मांस जळतं, म्हणून मला छातीत कातडीखाली पोर्ट, म्हणजे मोठ्या शिरेत औषध सोडायची छोटी डबी, बसवलाय. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते औषधाचंच असतं, रक्त नसतं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि पहिल्या रात्री मी बाथरूममध्ये रडत बसले होते.

दुसरा ते पाचवा दिवस मळमळ आणि गळून गेल्यासारखं. उलटीच्या गोळ्यांसोबत स्टिरॉइड असतं, त्याने रात्रभर टक्क जाग. या दिवसांत मी लेक्चर ठेवत नाही. तोंडाला लोखंडासारखी चव येते. सासूबाईंनी मला लाकडी चमचा काढून दिला आणि मऊ भात, मेतकूट, तूप एवढंच द्यायला लागल्या. कोकमचं सार उतरायचं. तोंड आलं की भाकरी टोचते. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरायच्या, त्याचा खूप फायदा होतो.

आणि आता ज्या दिवसांसाठी हा व्हिडिओ करतेय ते दिवस. साधारण सातवा ते चौदावा.

या दिवसांत माणूस बरा दिसतो. मळमळ गेलेली असते, जेवण जातं, चेहऱ्यावर तरतरी येते. घरच्यांना वाटतं सुटलो. पण आत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली गेलेल्या असतात, आणि साधा जंतूही जिवावर बेतू शकतो. नेमकं याच दिवसांत लोक भेटायला येतात. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला न जाणं म्हणजे माणुसकी सोडल्यासारखं वाटतं. सफरचंदं घेऊन येतात, लहान पोरांना घेऊन येतात, सर्दी झालेली असली तरी येतात. मी शेवटी दारावर कॅलेंडर लावलं आणि त्या आठ दिवसांभोवती लाल चौकट आखली. नणंदेला वाईट वाटलं. मग मी तिला या कांद्यासकट सगळं समजावलं. आता तीच बाकीच्यांना फोन करून सांगते, "चौकटीत आहे ती, पुढच्या आठवड्यात या."

लाल चौकटीत कॉलेजचं काय? बॉटनीच्या लॅबमध्ये आम्ही बुरशी वाढवतो. पावावरची रायझोपस, अॅस्परजिलस. कुंड्यांची माती असते. काउंट खाली असताना यातलं काहीच हाताळायचं नाही, डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. मी विभागप्रमुखांसमोर चार केमोंच्या तारखा ठेवल्या. बुरशीची प्रॅक्टिकल सहकाऱ्याकडे गेली, तिच्या वर्गीकरणाच्या तासिका माझ्याकडे आल्या. लाल चौकटीतली थिअरी मी घरून ऑनलाइन घेतली. ती लेक्चर मानधनाच्या बिलात धरायची की नाही, यावर ऑफिसमध्ये दोन महिने कागद फिरत राहिला. शेवटी धरली. पण त्या दोन महिन्यांत औषधांसाठी उसने पैसे घ्यावे लागले आणि त्याचा मला अजून राग आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांनी एक करा: तारखा, बदललेल्या तासिका, ऑनलाइन लेक्चर, सगळं पहिल्याच दिवशी लेखी द्या आणि पोच घ्या.

आता माझी चूक. दुसऱ्या सायकलचा, म्हणजे दुसऱ्या केमोनंतरच्या २१ दिवसांतला, अकरावा दिवस. रात्री साडेदहाला थंडी वाजली. थर्मामीटर लावला तर १००.६. मला वाटलं, एवढ्याशा तापाला काय, क्रोसिन घेते आणि सकाळी बघू. गोळी हातात होती. नवऱ्याने ती काढून घेतली आणि फाइलवरच्या इमर्जन्सी नंबरला फोन लावला. पलीकडून सांगितलं, आत्ता निघा. डोंबिवलीहून रात्रीची टॅक्सी केली. पोहोचल्यावर रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक चालू केलं. पाच दिवस ॲडमिट होते. डॉक्टर म्हणाले, गोळीने ताप उतरला असता, तुम्ही झोपला असता आणि जंतू रक्तात पसरत राहिले असते.

केमो चालू असलेल्या माणसाला १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, ताप आला की वाट बघायची नाही. मनाने गोळी द्यायची नाही. रात्र असो, पाऊस असो, हिंदमाताला पाणी भरलेलं असो, फोन करून निघायचं. थर्मामीटर उशाशी ठेवा. एवढ्या व्हिडिओतलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

पंधराव्या दिवसापासून माणूस खरोखर सुधारतो. मी सगळी लेक्चर त्या आठवड्यात ओढून घेतली. दिवसाला तीन, ४८ मिनिटांची, स्टुलावर बसून.

प्रवासाचं बऱ्याच जणांनी विचारलंय. लोकलमध्ये दिव्यांगांचा जो डबा असतो तो कर्करोगाच्या रुग्णांसाठीही असतो. डब्यावर खेकड्याचं चित्र बघितलंय का? ते आपल्यासाठी आहे. कर्क म्हणजे खेकडा. प्राचीन ग्रीक वैद्यांनीही या रोगाला खेकड्याचंच नाव दिलं होतं, गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात म्हणून. डॉक्टरांचं सर्टिफिकेट पर्समध्ये ठेवा. पहिल्या टप्प्यात माझे केस अजून होते तेव्हा एका बाईंनी मला या डब्यातून उतरायला सांगितलं, "धडधाकट दिसताय" म्हणून. मी पोर्टचा उंचवटा दाखवला. त्या गप्प झाल्या, मग जागा दिली. पोर्ट असेल तर पर्सचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घ्या. गर्दीत तो दाबला गेला तर दिवसभर ठणकतो.

परळ परिसरात बाहेरगावाहून आलेली माणसं दिसतात ना, फाइल छातीशी धरून फुटपाथवर बसलेली? तिथलं टाटा मेमोरियल हे कर्करोगाचं हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं, तेव्हापासून गावोगावचे रुग्ण तिथे येतात. राहायची सोय हवी असेल तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे आधी चौकशी करा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, उपचार सुरू व्हायच्या आधीच त्याला रेशनकार्ड दाखवा.

आता माझा विषय. मी बॉटनीची आहे हे कळलं की लोक हमखास विचारतात, "मॅडम, तुम्ही सदाफुलीची पानं का खात नाही? त्यातूनच तर कॅन्सरचं औषध निघतं." निघतं, अगदी खरं आहे. विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन सदाफुलीतून आली आणि रक्ताच्या कर्करोगावर त्यांनी केवढी मुलं वाचवली. पण पानात ती अगदी अल्प असतात, आणि सोबत इतर कितीतरी विषारी द्रव्यं असतात. वनस्पतीत ताकद आहे हे मला मान्य आहे, म्हणूनच तर सांगते, केमो चालू असताना कुठलाही काढा, रस, गव्हांकुर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. काउंट खाली असताना कच्चा रस म्हणजे जंतूंना आमंत्रण.

सध्या माझी जी केमो चालू आहे तीही झाडातूनच आली. पॅक्लिटॅक्सेल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून ते वेगळं केलं. त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध केली त्या शास्त्रज्ञांत एक होते मनसुख वाणी. जन्म आपल्या नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात. सहकारी शास्त्रज्ञ मॉन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाविरुद्धचं दुसरं द्रव्यही शोधलं. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात सापडतं. मी वर्षानुवर्षं पॅक्लिटॅक्सेलचं नाव फळ्यावर लिहीत आले. पहिल्या दिवशी सलाईनच्या बाटलीवर 'पॅक्लिटॅक्सेल' वाचलं आणि नंदुरबारच्या त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडले.

हे औषध दर आठवड्याला, एकूण बारा वेळा. माझी सात झाली. पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढून नेणारे तुर्कतंतू ज्या सूक्ष्मनलिकांचे बनतात, त्या हे औषध घट्ट धरून ठेवतं. त्यांना सुटून पुन्हा जुळता येत नाही, विभाजन अर्ध्यावर अडकतं आणि पेशी मरते. पण तशाच सूक्ष्मनलिका आपल्या नसांतही असतात, मणक्यापासून बोटांच्या टोकापर्यंत मालवाहतूक करतात. त्यामुळे बोटं बधिर होतात. पाचव्या केमोनंतर मला ब्लाउजचे हुक लागेनात, खडू कधी निसटतो ते कळेना. डॉक्टरांना लगेच सांगा, लपवू नका. ते डोस कमी-जास्त करतात, नाहीतर बधिरपणा कायमचा राहू शकतो.

गेल्या आठवड्यात हेच कांद्याचं प्रॅक्टिकल होतं. रंगवलेलं टोक काचपट्टीवर ठेवून, वर कव्हरस्लिप टाकून, टिपकागदावरून अंगठ्याने दाबायचं असतं. दाब कमी पडला तर पेशी एकावर एक राहतात, जास्त झाला तर काच फुटते. तो अंदाज अंगठ्यालाच असतो. माझ्याकडून सलग तीन कव्हरस्लिप फुटल्या. मुलं बघत होती. मग मी अंगठ्याचं कारण सांगितलं, फळ्यावर तुर्कतंतू काढले, औषध कुठे बसतं ते दाखवलं, आणि पुढच्या बाकावरच्या मुलीला म्हटलं, "तू दाब. मी सांगते किती." तिने दाबलं. मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि ओरडली, "मॅडम, मेटाफेज!" गुणसूत्रं मधोमध रांगेत, अगदी पुस्तकातल्यासारखी. तासभर सगळी मुलं तीच स्लाइड रांग लावून बघत होती.

बुधवारी पुन्हा सीबीसी, म्हणजे काउंट बघायची रक्ततपासणी, गुरुवारी आठवी केमो. सेमिस्टर संपत आलंय, ६४ जर्नलांवर सह्या करायच्यात. पेन नीट धरता येत नाही, म्हणून रोज दहा-दहा करतेय. ऑफिसला आधीच लेखी कळवलंय, की या वर्षी माझी सही थोडी वेगळी दिसेल.